शिट्टी समजून कापलेले सूर

आमच्यात लग्न लावायला भटजी येतो तो नंतर. आधी धवलारीण बसते. मांडवात उंबराची फांदी उभी राहते तिथपासून मुलगी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं. त्या गाण्याला धवला म्हणतात, आणि धवला झाल्याशिवाय लग्न लागलं असं आमच्याकडची जुनी माणसं मानतच नाहीत. हल्ली पोरंपोरी मोबाईल घेऊन रील काढायला येतात आणि लोककला, लोककला करतात. माझी आई धवलारीण. ती त्यांना बोलायची, मी कलाबिला काही करत नाही रे बाबांनो, मी लग्नं लावते.

धवला दोघींनी म्हणायचा असतो. एक ओळ टाकते आणि शेवटचं अक्षर लांबवते, लांबवतच राहते, आणि ते हवेत असतानाच दुसरी ते उचलते. त्याला झेलणं म्हणतात. मध्ये फट पडता कामा नये, कारण त्या ओळींमधून देवांना आणि गेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण जातं, आणि फट पडली की आवतण अर्ध्यावर राहतं. आईची जोडीदारीण राहनाळची. नात्यात काही नाही, पण मी तिला मावशीच म्हणते. दोघी लग्न होऊन या भागात आल्या तेव्हापासून एकत्र गायल्या. शिकल्या त्या म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून. धवल्याला मालक नाही. ज्या बाईला वाटलं तिने यावं, बसावं, ऐकावं, शिकावं, आणि उद्या दुसऱ्या गावात जाऊन लग्न लावावं. मलाच ते आलं नाही. माझा आवाज फुटक्या मडक्यासारखा, आणि हे मला आईनेच सांगितलंय, तोंडावर.

आईचे कान मागांनी खाल्ले. आमच्या घराला लागून कारखाना होता. भिवंडीत कारखाना म्हणजे माग चालतात ती शेड. तिथे ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसतात त्या लहान रिळांवर सूत चढवायचं काम. दिवसभर कानाशी तो खडखडाट. घरी आल्यावर हाक मारली तरी बघायची नाही, आणि आम्हाला वाटायचं, ही मुद्दाम करते. मावशीला सगळ्यांच्या आधी कळलं, पण तिने चकार शब्द काढला नाही. धवला म्हणताना ती आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागली. झेलायची वेळ आली की गुडघा दाबायची. कितीतरी लग्नं अशी लागली, आणि मांडवातल्या एकालाही कळलं नाही की आईला अर्धं ऐकूच येत नाही.

घरात ते लक्षात आणून दिलं माझ्या मुलीने. मी दापोड्याच्या गोडाऊनमध्ये. आधी पॅकिंगला होते, आता शिफ्टची सुपरवायझर आहे. शिफ्ट म्हटली की घराचा पत्ता विसरायचा. मुलगी वाढली ती आजीच्या मांडीवर. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी आजीच्या कानाशी जाऊन दिवसभराचं सगळं सांगायची. कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी सवय तीच. मला कधी काही कळायचं नाही, सगळं त्या कानात. मग एकदा ती मला बोलली, आई, आजी हल्ली नुसती मान हलवते, तिला ऐकू येत नाहीये. आणि बोलता बोलता रडायला लागली.

म्हणून कानाचं मशीन घेतलं. भिवंडीतल्याच एका दुकानात. दुकानदार माणूस चांगला होता. लॅपटॉपला वायर लावायचा, मशीन जोडायचा, आईला विचारायचा, आता कसं वाटतं, आणि त्याप्रमाणे कमीजास्त करायचा. कितीतरी फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे ते तिच्या कानाला बसलं. ज्या दिवशी बसलं त्या दिवशी घरी येऊन ती छताकडे बघत राहिली आणि बोलली, पंख्याला आवाज असतो होय गं? नात कानाशी येऊन पुन्हा बोलायला लागली. आई हसायची, मध्येच प्रश्न विचारायची, दोघींचं काहीतरी गुपित चालायचं आणि मी स्वयंपाकघरातून बघायचे. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी खूप सुखात होते.

एकच गोष्ट विचित्र वाटायची. टीव्हीवर गाणं लागलं की आई तोंड वाकडं करायची. हे गायक सगळे थंडी वाजल्यागत का गातात, असं विचारायची. आम्ही हसायचो. तिचा स्वतःचा आवाजही कापतोय असं तिला वाटायचं, पण त्याचं खापर तिने वयावर फोडलं.

मग लग्नसराई सुरू झाली. सीझनचं पहिलं लग्न काल्हेरला होतं. हळदीच्या दिवशी मांडव भरलेला, मी सुट्टी टाकून आईबरोबर गेलेले. आता इथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे काही घरांत धवलारणींच्या पुढ्यात साडी-नारळाबरोबर दारूची बाटलीही ठेवतात. तो मान असतो. कुणी घेते, कुणी घरी नेऊन नवऱ्याला देते. मावशीने त्या बाटलीला आयुष्यात कधी बोट लावलं नाही. तिच्या नवऱ्याला दारूने नेलं होतं. मान म्हणून ठेवलेली बाटली ती पदराच्या टोकाने बाजूला सरकवायची, हाताने पण नाही.

आईने पहिली ओळ टाकली. मावशीने झेलली. आईने भुवया आवळल्या. दुसरी ओळ, तिसरी ओळ. मावशी शेवटचं अक्षर लांबवायची आणि आईचा चेहरा आंबट व्हायचा. मला काही कळेना, मावशी तर नेहमीसारखीच गात होती, उलट त्या दिवशी तिचा आवाज छान लागला होता. पाचव्या-सहाव्या ओळीला आई थांबली. धवल्यात फट पडली. सगळ्या बायका मान वर करून बघायला लागल्या. आणि आई, सगळ्यांच्या देखत, मावशीकडे वळून बोलली, “पिऊन आलीस काय गं? सूर झिंगतोय तुझा.”

  मावशी उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मांडवाबाहेर पडली. मी मागे धावले. रिक्षात बसताना ती एवढंच बोलली की घरी जा, तुझी आई एकटी हाय. त्या हळदीचे धवले आईने एकटीने उरकले. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजही कुरकुरतात.

घरी आल्यावर मी आईवर तोंड सोडलं. माझा स्वभावच तसा, डोक्यात तिडीक गेली की समोर कोण आहे ते दिसत नाही. मी बोलले, तुला लाज वाटत नाही, त्या बाईला असलं बोलतेस? आई ठाम होती. मी माझ्या कानांनी आयकलं, बोलली. एवढी वर्षं मशीन नव्हतं तेव्हा खपून गेलं, आता मना सगलं नीट आयकू येतं. तिला वाटलं, मशीनमुळे मावशीचं खरं रूप कळलं. आणि मला सांगा, तिचं तरी काय चुकलं? ज्याने पंख्याचा आवाज दाखवला, नातीचं बोलणं परत आणून दिलं, ते मशीन खोटं सांगेल असं तिला का वाटावं?

माझ्या मनात मात्र शंका राहिली, कारण मावशीचा सूर मीही ऐकला होता. मी मशीन घेऊन दुकानात गेले तर दुकानच नाही. तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली. शेजारचा बोलला, वो तो कबके चले गये मॅडम. फोन लावला तर तोही लागेना. मग एक दिवस रजा टाकून आईला ठाण्याला नेलं. तिथे कान तपासणारी एक बाई भेटली, शांत, समजावून सांगणारी. मी तिला सगळं सांगितलं. तिने आईचं मशीन हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि मला बोलली, तुम्ही एक लांब आ लावा.

मी कसली लावतेय. पण लावला, माझ्या फुटक्या आवाजात, जमेल तितका लांब. आईने पटकन माझ्याकडे बघितलं. हसत बोलली, “तूपण पिऊन आलीस काय?” आणि बोलता बोलता तिचं हसू थांबलं. मी पुन्हा आ लावला. त्या बाईनेही लावला. आई एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.  मग ती हळूच बोलली, म्हंजे ती पिली नव्हती.

मग त्या बाईने समजावलं. कानातलं मशीन कधी कधी आपोआप शिट्टी मारतं, तुम्ही ऐकली असेल. ती शिट्टी थांबवण्यासाठी आत एक हिशोब बसवलेला असतो. एखादा आवाज लांब चालला आणि हलला नाही, की मशीनला वाटतं ही शिट्टी, आणि ते त्याला कापायला लागतं. बोलणं तुटक असतं, म्हणून ते सुटतं. लांबवलेला सूर सापडतो. कापला की तो थरथरतो, झिंगल्यासारखा वाटतो. गाणाऱ्यांसाठी वेगळी सेटिंग करून देता येते, दोन मिनिटांचं काम आहे, असंही ती बोलली. मी बोलले, मग करा ना. तिने नाही म्हणून मान हलवली. तिच्या कॉम्प्युटरला हे मशीन कळत नव्हतं. वायर त्या कंपनीची, सॉफ्टवेअर त्या कंपनीचं, आणि कंपनीने इथून गाशा गुंडाळलेला.

का गुंडाळला? तेही तिने सांगितलं. शिट्टी कापायची ती युक्ती आमची आहे, असं दुसऱ्या एका कंपनीचं म्हणणं होतं. त्यांच्याकडे तिचं पेटंट. परदेशात दोघांची कोर्टबाजी चालली आणि शेवटी ह्या कंपनीने ही मशीनं विकायचीच सोडली. डीलरांकडचं सॉफ्टवेअरही बंद झालं. मी विचारलं, युक्ती म्हणजे तुम्ही आत्ता बोललात तो हिशोबच ना? लांब चालला, हलला नाही, की काप? ती बोलली, हो, तोच. बघा म्हणजे, उद्या बेरीज-वजाबाकीचाही कुणी सातबारा काढेल. आमच्याकडे जमिनीवरून भाऊ भावाच्या जिवावर उठलेले मी बघितलेत, पण निदान तिथे डोळ्याला दिसणारी जमीन तरी असते.

मी तिला विचारलं, तुम्ही सगळे मिळून एकच भाषा का ठेवत नाही, कुणाचंही मशीन कुणालाही वाचता येईल अशी? ती बोलली, थोडं केलंय, कंपन्या एका ओसरीवर येऊन बसल्यात, पण आतल्या खोलीचं कुलूप ज्याचं त्याचं. आईच्या कानाचे जे आकडे त्या दुकानदाराने इतक्या फेऱ्या घालून बसवले होते, तेही त्या कुलपाच्या आतच. बाहेर काढून दुसऱ्या मशीनला देता येत नव्हते. तिने दुसऱ्या कंपनीचं एक मशीन आईला लावून बघितलं. आईला गरगरलं, ओकारी आली. सवय व्हायला महिने जातील, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं ती बोलली. आणि माझ्या मुलीचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले आणि माझं डोकंच फिरलं. हातात स्कॅनर घेऊन उभी होते. समोर साबणाचे खोके, गुजरातचे, बाजूला बिस्किटं, पलीकडे कुठल्या तरी परदेशी कंपनीचे बूट. एकच गन फिरवली की सगळे टुकटुक वाजून नाव-गाव सांगतात. गन एका कंपनीची, खोका दुसरीचा, छापलं तिसऱ्याने, आणि कुणी कुणाला विचारत नाही की बाबा मी तुझ्या रेघा वाचू का. त्या बारकोडच्या रेघांची रीत सगळ्यांना मोकळी आहे, म्हणून तर काल्हेरपासून दापोड्यापर्यंतची सगळी गोडाऊनं चालतात. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याला जो मान आहे तो माझ्या आईच्या कानाला नाही. मी रागाने गन टेबलावर आपटली. मॅनेजर धावत आला, काय झालं विचारायला लागला. काय सांगणार त्याला.

आईने मला राहनाळला न्यायला लावलं.  मावशी ओट्यावर बसून भाजी निवडत होती. आई तिच्या समोर जमिनीवर बसली आणि हात जोडून सगळं सांगितलं, मशीन, शिट्टी, सूर, जसं तिला कळलं होतं तसं. कुठे अडलं की मी पुढे सांगायचे. मावशीने सगळं ऐकलं. भाजी बाजूला ठेवली. मग आईला ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश बोलली, “त्या मशीनला मी कलले न्हाय, ते ठीक. ते परकं. तुना पण न्हाय कलले?”

 आईने चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि आता चोर सापडला म्हणून संन्यासी थोडाच परत येतो. मावशीने चहा केला, कप हातात दिले. निघताना तिने स्पष्ट सांगितलं की लग्नाला येईन, जेवीन, पोरीला आशीर्वाद देईन, पण गायला बसणार नाही. आईने मान हलवली. बस स्टॉपवर मात्र तिला बसवेना, विजेच्या खांबाला धरून उभ्या उभ्या रडली.

लग्न जवळ आलं तसा दुसरा पेच पडला. मशीन कानात ठेवून आई गायला लागली की स्वतःचाच सूर तिला झिंगलेला ऐकू यायचा आणि ती ओळ विसरायची. मशीन काढलं की काहीच ऐकू यायचं नाही, पण सूर आतून लागायचा आणि ओळी ओठांवर आपोआप यायच्या. मध्ये मध्ये काढायचं-घालायचं म्हटलं, तर घातल्यावर गर्दीत ते किंचाळायचं आणि तिचं डोकं धरायचं. धवले तर सकाळपासून पाठवणीपर्यंत. मी तिला बोलले, आय, दुसरी कुणीतरी बघूया गायला, तू मशीन घालून नुसती बस, सगळ्यांचं बोलणं ऐक, नातीजवळ बस. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं लावलीस, आता जरा आजी होऊन बघ.

ती माझ्यावर खेकसली. बोलली, सगल्या गावच्या पोरी मी उजवल्या, आन माजी नात दुसरीच्या तोंडानं जाणार? बोलणं काय, बोलणं ती नंतर बी बोलंल. मी उद्या आयकन.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिने मशीन काढून डबीत घातलं आणि डबी कनवटीला खोचली. डोक्यावरून पदर घेतला आणि मांडवात एकटीच बसली. माजं मीच झेलीन, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मावशी आली होती. मागच्या ओळीत, पाहुण्यांत बसली होती. आईने ओळ टाकली, शेवटचं अक्षर लांबवलं, आणि सवय कुठे जाते, झेलायला कुणीतरी आहे असं समजून क्षणभर थांबली. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज उठला. बसल्या जागेवरून, मोकळा, भरलेला.  बायका माना वळवून बघायला लागल्या. फक्त आईला कळलं नाही. तिला वाटलं, मध्ये रिकामं आहे. तिने तीच ओळ स्वतः उचलली आणि मावशीच्या आवाजावरून पुढे गायला लागली. मावशी गप्प झाली.

मला वाटलं, आता ही उठून जाणार, आणि या वेळी कायमची. मी आईचा खांदा हलवायला निघाले. मावशीने लांबूनच मला हाताने थांबवलं. ती उठली, बायकांमधून वाट काढत आली आणि आईच्या शेजारी टेकली. गुडघ्याला गुडघा लावला. आईने डोळे उघडले, शेजारी बघितलं, तिचा सूर एकदा हलला, खरोखरचा हलला, आणि पुन्हा लागला. दोघी दिवसभर गायल्या. बोलल्या काहीच नाहीत, बोलून आईला ऐकू तरी कुठे येणार होतं. सगळं झाल्यावर मावशी जेवली आणि राहनाळला निघून गेली. त्यानंतर ती कुणाच्याच मांडवात गायला बसलेली नाही. मी दोनदा जाऊन विनवणी केली. ते लगीन पोरीसाठी व्हतं, बोलते, आन कापलेला सूर मागनं जोडता येत न्हाय.

पाठवणीच्या वेळी आई गातच होती. मुलगी सगळ्यांच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मग आजीकडे गेली. तिने आजीला दोन्ही हातांनी धरलं आणि नेहमीसारखं कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली. डोक्यावर पदर, कान झाकलेला. आत मशीन नाही हे तिच्या लक्षात कुठून येणार. गाडीचे हॉर्न, बँडवाले, रडारड, मी चार पावलांवर उभी, मला एक शब्द ऐकू आला नाही. बोलता बोलता ती हुंदके देत होती, मध्येच हसली, परत बोलायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मान हलवत होती. बरोब्बर जागी हसली पण. मला वाटलं, पुढे व्हावं आणि सांगावं, अगं थांब, तिला ऐकू येत नाहीये, डबी कनवटीला आहे. तोवर सासरची माणसं घाई करायला लागली आणि तिला गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज मोकळा होता. बोलली, आई, मला जे जे आजीला सांगायचं होतं ना, ते सगळं मी काल सांगून टाकलं. लहानपणापासूनचं. आता कसं हलकं वाटतंय. मी विचारणार होते, काय सांगितलंस, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर आजीने काही ऐकलंच नाही हे तिला कळलं असतं.

फोन ठेवला तेव्हा आई मशीन घालून माझ्या समोर बसली होती. विचारलं, तिचा व्हता? मी हो बोलले. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग बोलली, काल ती मना काय बोलली गं? मी सांगितलं, थांब, लावते फोन, तूच विचार. तिने माझा हात धरला. “नको. तिला वाटंल, आजीनं आयकलंच न्हाय. तू जवल व्हतीस ना? तूच सांग.”

मला काय सुचणार.  मी बोलले, आय, ती बोलली की आजी, तू मला वाढवलंस, तुझा धवला खूप छान झाला, मी लवकर भेटायला येईन.

आई पुढे ऐकायला थांबली होती. मी गप्प झाले तरी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“येवढंच?” ती बोलली. “लय वेल बोलत व्हती ती.”